पंचवीस हजारांसाठी किती फेऱ्या? बेळगावातील एका छोट्या अनुदान निधीचा अनुभव

छोट्या संस्थेला मिळालेल्या मदतीचा हिशेब मांडताना हाती किती आले एवढेच पाहून भागत नाही. ते हाती येईपर्यंत किती फेऱ्या झाल्या, किती कागदांच्या झेरॉक्स काढल्या, कोणाकोणाच्या दारात ताटकळावे लागले आणि त्यात चार माणसांचे किती दिवस गेले, हेही त्यातून वजा करावे लागते. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूच्या एका गावात आम्ही काही जण रुग्णोपयोगी साहित्याचे एक लहानसे केंद्र चालवतो. फाऊलर बेड (डोक्याकडचा आणि पायांकडचा भाग हँडल फिरवून वर-खाली करता येणारा पलंग), वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर असे साहित्य आम्ही अनामत ठेवून घरी नेऊ देतो, भाडे घेत नाही आणि वस्तू परत आली की अनामत परत करतो. या केंद्रासाठी गेल्या दोन वर्षांत आम्ही बेळगावातील एका कम्युनिटी फाउंडेशनकडे दोनदा अर्ज केला. पहिला मंजूर झाला, दुसरा नामंजूर झाला, आणि दोन्ही अनुभव पुरेसे जुने झाल्यामुळे आता त्यांबद्दल शांतपणे लिहिता येईल असे वाटते.

फाउंडेशनचे नाव मी मुद्दाम देत नाही. आम्ही त्यांचे पैसे घेतले आहेत; त्यामुळे नाव घेऊन कौतुक केले तर ते मिंधेपणाचे वाटेल आणि नाव घेऊन तक्रार केली तर खाल्ल्या मिठाला न जागल्याचे. बेळगाव परिसरात संस्था चालवणाऱ्यांना ही मंडळी कोण हे कळायला दोन ओळी पुरतील, आणि ज्यांना कळणार नाही त्यांना ही पद्धत कशी आहे एवढे समजले तरी पुरे.

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एका परिसरातील लोकांनी एकत्र जमवलेला आणि त्याच परिसरातील संस्थांना थोडाथोडा वाटला जाणारा निधी. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात १९१४ मध्ये फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने असा पहिला निधी उभारला. गावातल्या सधन लोकांनी मृत्युपत्रात एखाद्या कामासाठी पैसे बांधून ठेवायचे, पुढे ते काम कालबाह्य व्हायचे आणि पैसे मात्र तसेच अडकून पडायचे, ही अडचण त्याला दूर करायची होती. आपल्याकडे मुंबईत १९९१ मध्ये याच धर्तीवर एक सार्वजनिक न्यास स्थापन झाला. बेळगावच्या या फाउंडेशनचा व्याप त्या मानाने अगदीच छोटा. एक मूळ ठेव आहे, ती बँकेत मुदत ठेवीत आहे, तिचे व्याज आणि पुणे, मुंबई, गोवा येथे स्थायिक झालेल्या बेळगावकरांच्या वार्षिक देणग्या एवढ्यावर सगळे चालते. पगारी माणूस एकही नाही. कचेरी म्हणजे टिळकवाडीत एका सभासदाच्या घराची पुढची खोली, त्यात दोन लोखंडी कपाटे, एक लांब टेबल आणि भिंतीवर गेल्या वर्षी कोणाला किती दिले याची टंकलिखित यादी. ही यादी येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता येते, आणि आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा येईपर्यंत तीच वाचत उभे होतो.

अर्ज चार पानांचा आहे, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मिळतो आणि हाताने भरून दिला तरी चालतो. सीमाभागात छोटी संस्था चालवणाऱ्यालाच या साध्या सोयीची किंमत कळेल. आमच्या मंडळाची नोंदणी कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली झालेली आहे, प्रमाणपत्र कन्नडमध्ये आहे, वार्षिक हिशेब निबंधकाकडे कन्नडमध्ये जातो, सभांचे इतिवृत्त मराठीत लिहिले जाते आणि कंपन्यांचे अर्ज इंग्रजीत असतात. तिन्ही भाषांत एकच गोष्ट एकसारखी लिहू शकणारा माणूस आमच्याकडे एकच आहे, आणि तो एका शाळेत शिक्षक असल्यामुळे परीक्षेच्या दिवसांत हाती लागत नाही. फाउंडेशनच्या अर्जात आम्हाला जे सांगायचे होते ते आमच्या खजिनदारांनी स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिले, आणि ते तसेच स्वीकारले गेले.

तुलनेसाठी सांगतो. याच कामासाठी त्याआधी आम्ही एका कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीकडे, म्हणजे लोक ज्याला सरसकट सीएसआर म्हणतात त्याकडे, गेलो होतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ₹५०० कोटींचे निव्वळ मूल्य, ₹१,००० कोटींची उलाढाल किंवा ₹५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. पैसा पुष्कळ असतो; पण एप्रिल २०२१ पासून तो राबवणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते, त्यासाठी प्राप्तिकर कायद्याखालील १२ ए (संस्थेला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते, शिवाय कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आमच्याकडे ८० जी नव्हते. ते काढून देणाऱ्या एका मध्यस्थाने जी फी सांगितली ती आम्हाला हव्या असलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त होती. आम्ही त्यांचा चहा घेतला आणि परत आलो.

फाउंडेशनने यांपैकी काहीही मागितले नाही. नोंदणी प्रमाणपत्र, मागील वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब, पासबुक, दुकानदाराचे कोटेशन आणि आपण स्वतः किती घालणार याचा आकडा, एवढेच कागद लागतात. स्वतःचा वाटा किमान एक दशांश असावा असा त्यांचा नियम आहे. आम्ही एक फाऊलर बेड आणि तीन एअर बेड यांसाठी ₹२८,००० चा खर्च दाखवला आणि त्यांतले ₹२५,००० मागितले. त्यांची कमाल मर्यादा ₹५०,००० आहे, पण पहिल्याच वेळी तेवढे मागू नये असे आम्हाला वाटले, आणि ते बरे झाले.

अर्ज दिल्यानंतर साधारण महिन्याने पाहणीसाठी दोघे जण आले. एक निवृत्त बँक अधिकारी आणि एक निवृत्त परिचारिका, ज्यांना सगळे सिस्टर म्हणत होते. जुलैचा पहिला आठवडा होता आणि खानापूरच्या पलीकडे पाऊस कसा लागतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना ते दोघे कोणत्या अवस्थेत पोहोचले असतील याची कल्पना येईल. बेळगावहून खानापूरपर्यंत बसने आणि पुढे आमच्याच एका सभासदाच्या जीपमधून ते आले. बसचे भाडे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले होते. आम्ही नाश्त्याची तयारी ठेवली होती. त्यांनी आधी साहित्य पाहू म्हणून सांगितले.

देवळाच्या धर्मशाळेतील ज्या खोलीत आमचे साहित्य असते ती अंधारी आहे. सिस्टरांनी पिशवीतून विजेरी काढली, जुन्या फाऊलर बेडच्या पायथ्याशी उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हँडल आळीपाळीने फिरवून पाहिली. डोक्याकडचा भाग वर उचलला गेला. पायांकडचे हँडल अर्ध्यावर अडकले. त्यांनी बोट लावून पाहिले, बोटाला गंज लागला, तो त्यांनी आमच्या अध्यक्षांना दाखवला आणि म्हणाल्या, "ह्याला ग्रीस कोण लावतं?" त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. मग त्यांनी विचारले की पावसात करंट किती वेळ जातो. "जातो की," आमचे खजिनदार म्हणाले, "जून-जुलैत कधी दोन-दोन दिवस येत नाही, सिस्टर." "मग एअर बेडचं काय करता?"

एअर बेड विजेच्या पंपावर चालतो. त्यातील फुगे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर एकाच जागी भार राहत नाही आणि जखमा होण्याचा धोका कमी होतो. पंप बंद पडला की ही अदलाबदल थांबते, पुढे फुगे हळूहळू बसत जातात आणि माणूस शेवटी पलंगाच्या पत्र्यावर येतो. आम्ही चार वर्षे हे केंद्र चालवत होतो आणि हा विचार आम्ही केला नव्हता, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. सिस्टरांनी सुचवले की तीनपैकी एक एअर बेड कमी करून त्याऐवजी पाण्याने भरायचा वॉटर बेड घ्यावा. तो जड असतो, भरायला वेळ लागतो, पण त्याला वीज लागत नाही. आणि कोणत्याही बेडवर असले तरी रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागतेच, हे घरच्यांना लिहून द्यावे. अर्जातील तो आकडा त्यांनी तिथेच खोडला, नवा लिहिला, आमच्या खजिनदारांची सही घेतली आणि शेजारी स्वतःची केली. पैसे देणाऱ्याने मागणीत केलेली ही दुरुस्ती आमच्या फायद्याची होती, आणि असा अनुभव मला या क्षेत्रात दुसरीकडे आलेला नाही.

बँकेतले सर तेवढ्यात नोंदवही चाळत होते. त्यांना एका वॉकरसमोरचा "परत" हा रकाना रिकामा दिसला. तो वॉकर नेणारे आजोबा वारले होते आणि घरच्यांकडे मागायचे कसे म्हणून आम्ही गप्प राहिलो होतो. सरांनी तारीख मोजली. "अकरा महिने झाले. आता विचारायला हरकत नाही," एवढेच ते म्हणाले. त्याच आठवड्यात आम्ही विचारले, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरातला मुलगा वॉकर घेऊन आला, धुऊन, पुसून, खालची चारही रबरे नवी घालून. अनामत परत घेतली नाही.

मंजुरीची बैठक बेळगावात रविवारी सकाळी झाली. अर्जदारांना बैठकीत बसता येते. प्रत्येकाला सात-आठ मिनिटे मिळतात, पाहणी करून आलेले सभासद आपले मत सांगतात, प्रश्न होतात आणि निर्णय बहुतेक वेळा समोरच होतो. आमच्या आधी बैलहोंगल बाजूच्या एका महिला मंडळाचा अर्ज होता, तो कन्नडमध्ये होता, एका सभासदाने तो कन्नडमध्येच वाचला आणि नंतर ज्यांना नीट कळले नव्हते त्यांना मराठीत सांगितला. त्या बायकांना शिवणयंत्रांसाठी पैसे मिळाले. आमच्या नंतरच्या अर्जाच्या वेळी एक सभासद उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. ती संस्था त्यांच्या मेहुण्यांची होती असे नंतर कळले. हा संकेत चांगला आहे. पण तो केवळ संकेत आहे, त्यांच्या नियमावलीत लिहिलेला नाही, हे मी विचारून घेतले. आज जी माणसे आहेत ती उठून जातात. उद्या येणारी उठतील याची हमी कागदावरच मिळते, आणि बेळगावसारख्या गावात, जिथे दोन गल्ल्या ओलांडल्या की सोयरिक निघते, ती हमी आवश्यक आहे.

एवढे सगळे चांगले झाल्यानंतर जे झाले त्याने आमचा पुरता विरस केला.

चेक आला तो आमच्या बँकेतून परत गेला. कारण असे की नोंदणी प्रमाणपत्रावर आमचे नाव कन्नड वळणाने "मंडळी" असे संपते आणि बँकेच्या पासबुकात ते "मंडळ" असे आहे. फाउंडेशनने प्रमाणपत्रावरून नाव लिहिले, बँकेने पासबुकावरून तपासले, आणि एका वेलांटीने पंचवीस हजार रुपये अडवले. असे घोटाळे आमच्या भागात नवे नाहीत. शहराचेच नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, तेव्हापासून कोणत्या कागदावर जुने आणि कोणत्यावर नवे हे प्रत्येक संस्थेच्या चिटणीसाला पाठ करावे लागते. त्यामुळे चूक होणे मी समजू शकतो. दुरुस्तीला सात आठवडे लागले, हे मात्र मला समजून घेता आले नाही. चेकवर दोघांच्या सह्या लागतात. त्यांतले एक सभासद मुलीकडे पुण्याला गेले होते आणि तिसऱ्या कोणाला सहीचा अधिकार नव्हता. आम्ही फोन केला की प्रत्येक वेळी अत्यंत अदबीने सांगितले जाई, "येतील की पुढच्या आठवड्यात." दरम्यान कोटेशनची मुदत संपली, दुकानदाराने नवा दर लावला आणि वाढलेले एकूण ₹१,२०० आम्ही वर्गणी काढून भरले. फाउंडेशनने दिलगिरी व्यक्त केली, ती मनापासून होती असे मी मानतो. पण ₹१,२०० त्यांनी दिले नाहीत, आणि आम्हीही मागितले नाहीत, कारण घेणाऱ्याने मागायचे कसे हा प्रश्न वॉकरच्या वेळी होता तसाच इथेही होता.

रक्कम थेट खात्यावर जमा करण्याची सोय प्रत्येक बँकेत असताना चेक का, हे मी त्यांना विचारले. चेकवर दोन सह्या दिसतात, लेखापरीक्षकाला बरे पडते, असे उत्तर मिळाले. दोघांची मंजुरी घेऊन खात्यावर पैसे पाठवण्याचीही सोय बँका देतात. मुळातले कारण मला वेगळे वाटते. ज्या संस्थेत सगळेच स्वयंसेवक असतात तिथे कामाची अदलाबदल ठरलेली नसते. एक माणूस गावाला गेला की त्याचे टेबलही त्याच्याबरोबर गावाला जाते. चेकची मुदत तीन महिन्यांची असते. आणखी थोडा उशीर झाला असता आणि दुसऱ्या चेकवर आधीचीच तारीख राहिली असती तर तोही वाया गेला असता.

पैसे खर्च झाल्यावरचा अहवाल एका पानाचा आहे. बिलांच्या प्रती, साहित्याचे दोन फोटो आणि सहा महिन्यांत किती जणांनी वापरले याचा आकडा. रुग्णाचा चेहरा दिसेल असा फोटो पाठवू नये, असे त्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. त्या एका ओळीसाठी मी बरेच काही माफ करायला तयार आहे. एका देणगीदाराने पूर्वी आम्हाला व्हीलचेअर दिली तेव्हा त्यात बसवलेल्या आजींसह, मागे फलक धरून, फोटो काढून घेतला होता. त्या आजी पुढे कितीतरी दिवस त्या खुर्चीत बसायला तयार नव्हत्या. फाउंडेशनने आमच्या बेडवर आपल्या नावाची पट्टीसुद्धा लावायला सांगितली नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही वेगळी मागणी केली. परत आलेले साहित्य धुणे, जंतुनाशकाने पुसणे, हँडलला ग्रीस लावणे, नोंदवही ठेवणे आणि फोन घेणे हे काम गावातील एक मुलगी करते. तिला महिन्याला ₹२,००० मानधन मिळावे म्हणून आम्ही वर्षाचे ₹२४,००० मागितले. सिस्टरांनी "ह्याला ग्रीस कोण लावतं?" असे विचारले होते, हे त्याचेच उत्तर होते, असे आम्हाला वाटत होते. अर्ज नामंजूर झाला. पत्र आले, कारणासह, नम्र भाषेत: आवर्ती खर्चाला फाउंडेशन अनुदान देत नाही. कारण लिहून कळवण्याची त्यांची पद्धत चांगली आहे, कारण बाकीचे बहुतेक जण नकार कळवतच नाहीत, तुम्ही फोन करत राहता आणि हळूहळू तुमचे तुम्हीच समजून घेता.

त्यांची बाजूही मला समजते. पहिल्या वर्षाचे मानधन आम्ही दिले तर दुसऱ्या वर्षाचे कोण देणार, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. व्याजावर चालणाऱ्या निधीने पगाराची बांधिलकी घेतली तर चार-पाच संस्थांतच तो संपेल. तरीही हा नियम आहे तसा चुकीचा आहे असे माझे मत आहे. वस्तूला पैसे आणि वस्तू सांभाळणाऱ्याला नाही, असे सगळ्यांनीच ठरवले की काय होते हे पाहायचे असेल तर तालुक्यातल्या कोणत्याही समाजमंदिराची मागची खोली उघडून पाहावी. दान आलेल्या व्हीलचेअर हवा गेलेल्या चाकांवर एकीत एक घालून ठेवलेल्या असतात. शिवाय एक गोष्ट थोडी कडू वाटेल पण सांगतो. फाउंडेशनचे सभासद स्वतः फुकट राबतात, म्हणून दुसऱ्याने मानधन मागितले की त्यांना ते मनोमन पटत नाही. त्यांच्या पाठीशी पेन्शन आहे. आमची मुलगी भात लावणीच्या दिवसांत केंद्रावर आली तर तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. प्रत्येक अनुदानातील एक दशांश रक्कम देखभालीसाठी राखून ठेवू द्यावी, असे आम्ही त्यांना पत्राने सुचवले. "विचार करतो" असे उत्तर आले. बेळगावात त्याचा अर्थ काय होतो हे वाचकांना सांगायला नको.

आणखी एक उणीव व्याप्तीची आहे. भिंतीवरच्या यादीत बेळगाव शहर, आसपासची येळ्ळूर, कडोली, उचगावसारखी गावे आणि खानापूर तालुका यांचीच नावे जास्त दिसली. निपाणी-चिकोडीकडची नावे मोजकी, आणि अथणी, रायबाग बाजूची जवळजवळ नाहीतच. जिल्हा मोठा आहे. अथणी बेळगावपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि पाहणीला जाणारे सभासद साठी-सत्तरीचे आहेत. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात अथणी, रायबाग, चिकोडी या तालुक्यांतली कृष्णाकाठची गावे किती दिवस पाण्यात होती हे सगळ्यांनी पाहिले आहे, आणि तिथल्या छोट्या संस्थांची गरज आमच्यापेक्षा कमी नक्कीच नाही. पाहणी हा या फाउंडेशनचा सर्वांत चांगला भाग आहे आणि तोच त्याला जिल्हाभर पसरू देत नाही. त्या भागातले दोन विश्वासू लोक पाहणीसाठी नेमले तर हे सुटण्यासारखे आहे. गावोगावच्या सौहार्द संस्थांत, म्हणजे कर्नाटकातील एका प्रकारच्या सहकारी संस्थांत, असे हिशेबाला पक्के लोक सापडतात.

ज्यांना या निधीत पैसे घालायचे आहेत त्यांच्यासाठी थोडे. फाउंडेशनकडे ८० जी असल्यामुळे जुनी करप्रणाली निवडणाऱ्या देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत घेता येते, मात्र ₹२,००० पेक्षा जास्त रक्कम रोखीने दिल्यास ती मिळत नाही. आणि सवलतीसाठी नुसती पावती पुरत नाही, फाउंडेशनने प्राप्तिकर खात्याकडे विवरण भरल्यावर निघणारे प्रमाणपत्र लागते. आमच्या भागातले अनेक जण आखातात नोकरीला आहेत. भारतीय नागरिक असलेल्या माणसाने परदेशातील आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांचे मात्र ठरतात, आणि ते घ्यायला वेगळी परवानगी लागते. परकीय देणगी एका संस्थेने दुसरीला पुढे देण्यावर तर परकीय देणगी नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने बंदीच घातली आहे, त्यामुळे पैसे वाटणे हेच ज्यांचे काम आहे अशा निधीला तो पैसा जवळजवळ निरुपयोगी आहे. फाउंडेशनचे लोक याबाबत कडक आहेत आणि नातेवाईक असला तरी पासपोर्ट कोणता हे विचारतात. राग मानू नये.

आता सुरुवातीला म्हटलेला हिशेब. पहिल्या अनुदानासाठी आमच्या बेळगावला चार फेऱ्या झाल्या: एक अर्जाची, एक बैठकीची, एक चेकची आणि एक त्या वेलांटीची. झेरॉक्स आणि बसभाडे धरून सातशे-साडेसातशे रुपये गेले, वाढीव दराचे ₹१,२०० गेले. मध्यस्थ कोणी नव्हता, कोणाच्या वाढदिवसाला हार घेऊन जावे लागले नाही, कोणाच्या फलकावर आमचे नाव लागले नाही. ₹२५,००० मधून जवळजवळ ₹२३,००० निव्वळ हाती राहिले असे धरता येईल, आणि सिस्टरांच्या वॉटर बेडच्या सल्ल्याची किंमत मी त्यात धरलेली नाही. त्या वॉटर बेडला आल्यापासून खोलीत उभे राहायला वेळ मिळालेला नाही. सध्या तो कणकुंबीच्या बाजूला एका घरी आहे आणि पुढचा नंबर लागून राहिला आहे. फाऊलर बेडची दोन्ही हँडल फिरतात. ग्रीस ती मुलगीच लावते, मानधन आम्ही गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांतून देतो, आणि ते दर वर्षी उरतीलच असे नाही.

एखादी वस्तू हवी असलेल्या, हिशेब नीट ठेवणाऱ्या आणि चार महिने थांबू शकणाऱ्या संस्थेने या फाउंडेशनकडे जरूर जावे. तातडीची गरज असेल, किंवा माणसाच्या मानधनासाठी पैसे हवे असतील, तर आज तरी जाऊ नये. अर्ज वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये घेतात. आमच्या प्रकरणानंतर त्यांनी अर्जावर एक नवी ओळ छापली आहे: पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडावी आणि संस्थेचे नाव पासबुकाप्रमाणे लिहावे. नाव लिहिताना काना, मात्रा, वेलांटी बोट ठेवून जुळवावी, आणि चेकवर सही करणारे दोघेही गावात आहेत ना, हे बैठकीच्या दिवशीच विचारून घ्यावे.